चौकट आणि दार

चंदीगडमध्ये दुकानाचा पत्ता विचारला तर गल्लीचं किंवा पेठेचं नाव ऐकू येत नाही. ऐकू येतात अक्षरं आणि आकडे: एससीओ अमुक, सेक्टर १७-सी. एससीओ म्हणजे शॉप-कम-ऑफिस, खाली दुकान आणि वर कचेऱ्या. एससीएफ म्हणजे शॉप-कम-फ्लॅट, खाली दुकान आणि वर राहतं घर. त्याहून लहान गाळा तो बूथ. इथला व्यापारी मोठा झाला म्हणजे बूथमधून एससीएफमध्ये गेला आणि नशिबानं साथ दिली तर तिथून एससीओमध्ये.

सेक्टर १७ च्या चौकात संध्याकाळी उभं राहावं. तळमजला आणि वर तीन मजले अशा इमारतींच्या रांगा, खाली खोल सलग व्हरांडा, आणि दर्शनी बाजूला उघड्या काँक्रीटचे एका मापाचे खांब. वास्तुकार ली कॉर्बुझिए १९५१ मध्ये या शहराच्या कामाला लागला. ही दुकानं बांधली मात्र खासगी मालकांनी. प्लॉट त्यांचा, पैसे त्यांचे, गवंडी त्यांचे; दर्शनी भाग कसा असेल तो आराखडा तेवढा सरकारचा. आत भिंती कुठे घालायच्या ते ज्याचं त्यानं ठरवावं. पाट्या आणि जाहिराती यांवर नियंत्रण ठेवणारा आदेश इथे १९५४ पासून आहे. त्या खांबांच्या आत सत्तर वर्षांत किती धंदे आले आणि गेले. व्हरांडा अजून सावली देतो.

मी या शहरात लहान व्यावसायिकांच्या साइट्स करतो. कुणाचं फुलकारीचं दुकान, कुणाचा दवाखाना, कुणाचं हार्डवेअर. त्यांच्यासाठी प्लॅटफॉर्म निवडायची वेळ आली की सोयींचा तक्ता मांडून बेरीज करायची पद्धत आहे. ती पद्धत मला कधी पटली नाही. प्लॅटफॉर्म ही कुणीतरी जीव लावून घडवलेली गोष्ट असते. तिला स्वभाव असतो, आवडीनिवडी असतात, ती कुठे सैल सोडते आणि कुठे हात धरते हे तिच्या कर्त्यांनी ठरवलेलं असतं. म्हणून ती वाचावी लागते, कविता वाचतो तशी, पुन्हा पुन्हा, आणि कुठे अडखळलो ते लक्षात ठेवून. वाचताना मी दोनच जागी बराच वेळ थांबतो. एक, तिची चौकट: दुकानदाराला ती किती मोकळं सोडते. दुसरी, तिचं दार: उद्या तो निघाला तर हातात काय घेऊन निघेल.

हा विचार मला मागे एका काकूंमुळे नीट शब्दांत मांडावा लागला. काका लष्करातले, शेवटचं पोस्टिंग चंडीमंदिरचं, निवृत्तीनंतर दोघं झिरकपूरला स्थायिक झाले. काकू घरून गोडा मसाला, भाकरवडी, सणावाराला पुरणपोळ्या आणि दिवाळीला फराळ करून देतात. सुरुवातीला गिऱ्हाइकं सगळी मराठी होती, आता निम्मी पंजाबी आहेत. त्यांना साइट हवी होती.

"अरे, त्या जाहिरातीत तर म्हणतात एका तासात साइट तयार होते. तू आठ दिवस का मागतोयस?"

"काकू, तासाभरात होते हे खरंच आहे. पण ती कुणाच्या नावावर होते, ते आधी बघूया."

"म्हणजे भाड्यानं की मालकीची, असंच ना?"

लीजहोल्ड की फ्रीहोल्ड हा वाद ज्या शहरात व्यापाऱ्यांच्या तोंडी वर्षानुवर्षं आहे, त्याच्या शेजारी राहणाऱ्या बाईला हे समजावून सांगावं लागलं नाही.

मी त्यांच्यासाठी वर्डप्रेस निवडलं. त्याची लोकप्रियता पुरावा म्हणून पुढे करता येते. जगातल्या चाळीस टक्क्यांहून अधिक वेबसाइट्स त्यावर चालतात, असं डब्ल्यूथ्रीटेक्सची मोजणी सांगते. पण लोकप्रियता हा रसग्रहणाचा आधार होऊ शकत नाही. मला त्याची जन्मकथा जास्त बोलकी वाटते.

२००१ च्या सुमारास मिशेल वाल्द्रिगी या फ्रेंच तरुणानं बी-टू नावाची एक छोटी प्रणाली लिहिली. लोक तिच्यावर आपलं लेखन प्रसिद्ध करू लागले. मग कर्ता दिसेनासा झाला. सुधारणा थांबल्या, निरोपाला उत्तर येईना. वापरणारे अधांतरी. जानेवारी २००३ मध्ये ह्यूस्टनच्या एका एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं, मॅट मलनवेगनं, आपल्या पानावर लिहिलं की बी-टू जीपीएल परवान्याखाली आहे, तेव्हा तिची प्रत घेऊन काम पुढे नेता येईल. इंग्लंडमधल्या माइक लिटलनं खाली उत्तर दिलं, मीही हात लावतो. २७ मे २००३ रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती आली. वाल्द्रिगी स्वतःही पुढे या कामात सामील झाला.

या कथेत मला लागतं ते एकच वाक्य: कर्ता गेला, पण लिहिणाऱ्यांचं लेखन गेलं नाही. जीपीएल परवाना सांगतो की हा कोड वापरा, उघडून बघा, बदला, पुढे द्या. अट एवढीच की पुढे देताना हेच हक्क समोरच्यालाही द्या. ज्या वस्तूचा जन्मच एका बंद पडू लागलेल्या घरातून सामान सुखरूप बाहेर काढण्यातून झाला, तिच्या बांध्यात दार कुठे असावं याचं भान पहिल्या दिवसापासून आहे.

बांधा जवळून बघू. वर्डप्रेस नव्यानं बसवलं की डेटाबेसमध्ये बारा तक्ते तयार होतात. त्यांत एकाचं नाव पोस्ट्स. लेख त्यात, पान त्यात, मेन्यूतली ओळ त्यात, जुन्या मसुद्यांच्या प्रतीही त्यातच. काटेकोर अभियंत्याला हे गबाळं वाटतं, आणि मोठ्या दुकानाच्या बाबतीत त्याची तक्रार रास्त आहे. पण लहान व्यावसायिकाच्या बाजूनं बघा. त्याचं जे जे बोलणं आहे ते एका जागी आहे. आजीच्या घरात महत्त्वाचं सगळं एका ट्रंकेत असायचं, तसं. घर बदलताना एक ट्रंक उचलली की झालं.

दुसरी जागा अधिक देखणी आहे. ६ डिसेंबर २०१८ रोजी पाचवी आवृत्ती आली आणि तिच्यासोबत गुटेनबर्ग हा ठोकळ्यांचा संपादक. परिच्छेद हा एक ठोकळा, चित्र हा एक, तक्ता हा एक. सुरुवातीला पुष्कळ लोक चिडले होते, मीही त्यांतला. जुन्या पांढऱ्या पाटीची सवय झाली होती. मग एक दिवस हे ठोकळे साठवले कसे जातात ते उघडून पाहिलं आणि माझं मत बदललं. इथे कर्त्यांपुढे मोठी अडचण होती. ठोकळ्याची हद्द कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे नोंदवायचं कसं? वेगळा तक्ता करता आला असता, स्वतःची सांकेतिक भाषा करता आली असती. त्यांनी काय केलं, तर एचटीएमएलमध्ये शेरे लिहायची जी जुनी सोय आहे, कोनी कंसात उद्गारचिन्ह आणि दोन आडव्या रेघा, तिच्या आत 'डब्ल्यूपी: पॅराग्राफ' एवढं लिहिलं. पुढे साधा परिच्छेद. शेवटी तसाच बंद करणारा शेरा.

हे एवढंसं वाटतं, म्हणून याचा परिणाम सांगतो. ब्राउझर असे शेरे वाचत नाही. तो ते ओलांडून पुढे जातो. म्हणजे उद्या गुटेनबर्ग गेला, वर्डप्रेस गेलं, तरी काकूंनी लिहिलेला 'आमच्याकडे मसाला दगडफूल घालूनच होतो' हा परिच्छेद जसाच्या तसा वाचता येईल, कुठल्याही ब्राउझरमध्ये, साध्या नोटपॅडमध्येसुद्धा. शिंपी कापडावर खडूनं खुणा करतो, त्या शिवणाला उपयोगी पडतात आणि कापडाला इजा करत नाहीत, तशा या खुणा आहेत. वर्डप्रेसवरच चालणारे काही बाहेरचे पान-बांधणारे प्लगइन मी पाहिले आहेत जे काढून टाकले की मजकुरात चौकोनी कंसांचा राडा उरतो आणि गिऱ्हाइकाचं वाक्य त्यात शोधावं लागतं. काम दोघांचं सारखंच. संस्कार वेगळे.

आता चौकटीकडे. जुलै २०२१ च्या ५.८ या आवृत्तीपासून थीमसोबत थीम डॉट जेसन नावाची एक फाइल देता येते. तिच्यात लिहायचं की या साइटवर हे चार रंग, अक्षरांची ही तीन मापं, इतकीच रुंदी. एक खटका असाही आहे की त्या चारांखेरीज दुसरा रंग निवडायची सोय संपादकात दिसूच नये. ही फाइल मी पहिल्यांदा भरली तेव्हा मला सेक्टर १७ चे खांब आठवले, कारण हा तोच आराखडा आहे: दर्शनी भाग ठरलेला, आत मालक मोकळा.

मणिमाजऱ्यातल्या एका हार्डवेअरवाल्या पाजींना प्रत्येक मालाचं नाव वेगळ्या रंगात हवं होतं. नळ निळे, बिजागऱ्या लाल, रंगाचे डबे तर सातही रंगांत. मी चार रंग दिले आणि बाकीचे बंद केले. आठवडाभर ते नाराज होते. नंतर मालाचे फोटो चढवत गेले, भाव बदलत गेले, स्वतःच्या हातानं शंभरेक पानं केली, आणि एकही पान बिघडलं नाही. ते बिघडू शकत नव्हतं. मालकाला सगळं करू देणं आणि मालकाकडून चांगलं करवून घेणं यांत हा चार रंगांचा फरक आहे, आणि मला तो फार मोलाचा वाटतो.

अक्षरांबद्दल मात्र जरा जास्तच लिहिणार आहे, कारण प्लॅटफॉर्म निवडताना याकडे कुणी बघत नाही आणि आपल्या भाषेचं सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. बहुतेक थीम रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून घडवलेल्या. मोठ्या मथळ्यात अक्षरांमध्ये थोडी मोकळी जागा सोडली की रोमन अक्षरं ऐटदार दिसतात, म्हणून थीमवाले ती सोडतात. तीच जागा देवनागरीला लागू झाली की शिरोरेषा तुटते. काकूंच्या पहिल्या नमुन्यात 'गोडा मसाला' असा मथळा घातला आणि प्रत्येक अक्षर आपापला तुकडा डोक्यावर घेऊन वेगळं उभं राहिलं, वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी मध्येमध्ये कापावी तसं. काकू एवढंच म्हणाल्या, "हे वाचताना जीभ अडखळते रे." नेमकं निदान होतं ते. शिवाय ओळींतलं अंतर रोमनच्या हिशोबानं आवळलेलं, त्यामुळे वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसलेला. गुरुमुखीलाही शिरोरेषा आहे, तिचे हालही असेच होतात, आणि पंजाबात राहून दुकानदाराच्या साइटवर ते होऊ द्यायचे म्हणजे पाटी रंगवणाऱ्यानं त्याचं नाव चुकीचं लिहिण्यासारखं आहे.

वर्डप्रेसमध्ये हे दुरुस्त करायला दोन ओळी लागल्या: अक्षरांमधलं अंतर शून्य, ओळींची उंची वाढवून दीडपटीच्या आसपास. त्या दोन ओळी मला लिहिता आल्या, कारण तिथपर्यंत हात पोहोचत होता. भाड्याच्या प्लॅटफॉर्मवरही बहुधा अशी सोय असते; काही ठिकाणी ती महागड्या योजनेतच मिळते आणि काही ठिकाणी ठोकळा बदलला की पुन्हा घालावी लागते. त्यामुळे नवा प्लॅटफॉर्म दिसला की मी सर्वात आधी त्याच्या मोठ्या मथळ्यात 'श्रीकृष्ण', 'उत्कृष्ट' आणि 'मूर्ती' हे तीन शब्द टाकून बघतो. बाकीचं परीक्षण नंतर.

टंक म्हणून मुक्ता घेतला. मुंबईच्या 'एक टाइप' या मंडळींनी केलेला, खुल्या परवान्याखाली दिलेला. त्यांनीच त्याचं गुरुमुखी भावंड केलं आहे, मुक्ता माही. काकूंच्या बरणीवर नाव दोन्ही लिप्यांत आहे, आणि साइटवर ती दोन नावं शेजारी शेजारी उभी राहिली तेव्हा एका घरात वाढलेली दिसली. मुंबईत घडलेलं गुरुमुखी अक्षर झिरकपूरच्या गोडा मसाल्यावर बसलेलं बघून मला जो आनंद झाला तो मी लपवणार नाही.

भाड्याच्या घरांवर अन्याय करायचा नाही, त्यांच्यातही रस आहे. विक्सचा पहिला तास फार गोड असतो. चित्र उचलावं, हवं तिथे ठेवावं, ते तिथेच राहतं. ज्यानं कधी कोडची ओळ पाहिली नाही त्याला आपण काहीतरी घडवलं असं वाटतं, आणि ते वाटणं खोटं नसतं. पण एकदा साचा निवडला की त्याच साइटला दुसरा साचा चढवता येत नाही, आणि केलेली साइट उचलून दुसऱ्याच्या सर्व्हरवर नेता येत नाही. स्क्वेअरस्पेस कुरूप काही करूच देत नाही; छायाचित्रकारानं घ्यावं. वेबफ्लो रचनाकाराचं वाद्य आहे, त्यावर बसून मी स्वतः बरंच शिकलो, पण दुकानदाराला त्याची भीती वाटते.

शॉपिफायपाशी मात्र थांबायला हवं. त्याचा जन्म दुकानातच झाला. टोबियास ल्युट्के कॅनडातल्या ओटावा शहरात बर्फावरच्या घसरपट्ट्या, स्नोबोर्ड, ऑनलाइन विकत होता. उपलब्ध साधनं त्याच्या मनाला येईनात म्हणून त्यानं आपलं दुकान स्वतः लिहिलं, आणि २००६ मध्ये ते दुकान लिहिणारं साधनच विकायला काढलं. हे मूळ त्याच्या प्रत्येक पानात दिसतं. ऑर्डरचं पान उघडा. पैसे आले का, माल गेला का, गिऱ्हाइकानं काय लिहिलं, कुणी फोन केला, सगळं एका उभ्या रेघेवर, घडलं त्या क्रमानं. गल्ल्यावर बसलेल्या माणसाच्या मनात दिवस जसा उलगडतो तसंच. असं पान कचेरीत बसून सुचत नाही, त्याला गल्ल्यावर बसावं लागतं. भारतात त्यांची स्वतःची पैसे घेण्याची सेवा नाही, म्हणून इथल्या दुकानदाराला रेझरपेसारखी सेवा जोडावी लागते आणि शॉपिफायचा टक्का वेगळा द्यावा लागतो. तरीही सेक्टर २२ मधल्या ज्या फुलकारीवाल्या बाईंची रोज तीस-चाळीस पार्सलं जातात, त्यांना मी शॉपिफायच दिलं. मालाची आणि गिऱ्हाइकांची यादी तिथून साध्या तक्त्याच्या फाइलीत बाहेर काढता येते. दार अरुंद आहे, पण आहे.

दाराचा आग्रह मी का धरतो, त्याला कारण आहे. पंचकुलाच्या एका दंतवैद्य बाईंचं काम माझ्याकडे आलं ते त्यांची साइट नाहीशी झाल्यावर. आधी ज्यांनी केली होती त्यांनी धंदा बंद केला. डोमेन त्यांच्या नावावर, सर्व्हर त्यांचा, पासवर्ड त्यांच्याकडे. डॉक्टरबाईंकडे होती ती फक्त दरवर्षी भरलेल्या पैशांची पावती. अकरा वर्षांत त्यांनी पेशंटसाठी लिहिलेली माहिती, मुलांच्या दुधाच्या दातांवरची छान साधी टिपणं, त्यांतलं एकही पान परत मिळालं नाही. पुन्हा लिहायला बसल्या तेव्हा म्हणाल्या, तेव्हा जसं लिहिलं होतं तसं आता जमत नाही. ते वाक्य माझ्या मनातून जात नाही.

अशा गोष्टी लहानांच्याच हातून घडतात असंही नाही. गूगलवरच्या व्यवसायनोंदीतून फुकट मिळणारी छोटी साइट कितीतरी दुकानदारांनी घेतली होती. मार्च २०२४ मध्ये गूगलनं त्या सगळ्या बंद केल्या. १० जून २०२४ पर्यंत जुना पत्ता टाकला तर व्यवसायाच्या नोंदीकडे वळवलं जाई, त्यानंतर तेही थांबलं. कंपनीनं सूचना दिली होती, मुदत दिली होती. पण ज्यानं तो पत्ता कापडी पिशव्यांवर आणि दुकानाच्या पाटीवर रंगवून घेतला असेल, त्याला मुदतीचा काय उपयोग?

वर्डप्रेसमध्ये दोष आहेत आणि ते लपवून रसग्रहण होत नाही. मालकीचं घर म्हणजे गळतीही मालकाची. प्लगइन जुने राहिले की चोर शिरतात. २०१३ च्या ३.७ या आवृत्तीपासून किरकोळ सुरक्षा-दुरुस्त्या आपोआप बसतात, हे मोठं काम झालं, तरी प्लगइन आणि थीम यांच्याकडे महिन्यातून एकदा लक्ष द्यावंच लागतं, आणि बॅकअप घ्यावाच लागतो. जो व्यावसायिक हे करणार नाही आणि करणाऱ्याला पैसेही देणार नाही, त्याला वर्डप्रेस देणं म्हणजे त्याला फसवणं आहे. त्याला भाड्याचं घर द्यावं आणि सामानाची यादी त्याच्या हातात ठेवावी. शिवाय सप्टेंबर २०२४ मध्ये मलनवेग आणि डब्ल्यूपी इंजिन ही होस्टिंग कंपनी यांच्यात उघड भांडण पेटलं. मलनवेगनं वाट अडवल्यामुळे त्या कंपनीच्या ग्राहकांना प्लगइनच्या सुधारणा मिळणं काही काळ थांबलं आणि प्रकरण अमेरिकेतल्या न्यायालयात गेलं. डिसेंबरमध्ये न्यायालयानं अंतरिम आदेश देऊन वाट मोकळी करायला लावली. एका माणसाच्या हातात इतक्या किल्ल्या असाव्यात का, हा प्रश्न मला त्या महिन्यांत छळत होता आणि अजून सुटलेला नाही. मात्र एक पाहिलं. त्या भांडणात कुणाचं लेखन गेलं नाही. ज्याच्या सर्व्हरवर जी प्रत होती ती त्याचीच राहिली आणि चालत राहिली.

काकूंचं काम शेवटी नऊ दिवसांत झालं. पाच पानं. पहिल्या पानावर बरणीचा फोटो, त्याखाली एफएसएसएआयचा नोंदणी क्रमांक ठळक, कारण घरचा खाद्यपदार्थ विकत घेणारा तो आधी बघतो. मसाल्याच्या पानावर काय काय पडतं त्याची यादी. दगडफूल म्हणजे काय हे पंजाबी गिऱ्हाइकांसाठी हिंदीत. ऑर्डर व्हॉट्सअॅपवरच, पैसे यूपीआयनं. खरेदीची टोपली आणि कार्डानं पैसे घेण्याची सोय मी मुद्दाम घातली नाही. रोजच्या आठ-दहा ऑर्डरींना ती नको, आणि काकूंना गिऱ्हाइकाशी दोन शब्द बोलायला आवडतं.

डोमेन घ्यायला मी लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला आणि स्वतः बाजूला बसलो. नाव त्यांचं, ईमेल त्यांचा, ओटीपी त्यांच्या फोनवर, पैसे त्यांच्या खात्यातून. मग निर्यातीचं बटण दाखवलं. सगळं लेखन एका फाइलीत बाहेर पडलं, दोन एमबीसुद्धा भरलं नाही. फोटोंचं फोल्डर वेगळं काढलं. दोन्ही एका पेनड्राइव्हवर घेतलं.

"एवढीशीच?" काकू म्हणाल्या.

"एवढीशीच. उद्या मी नसलो तरी ही फाइल दुसऱ्या कुणाला दिलीत की तो तुमचं दुकान पुन्हा उभं करू शकेल."

"असं अभद्र बोलू नये," असं म्हणून त्यांनी पेनड्राइव्ह उचलला आणि लोखंडी कपाटात काकांच्या पेन्शनच्या कागदांच्या पाकिटात ठेवला. पुढे दर तीन महिन्यांनी त्या मला न विचारता तो काढतात, नवी फाइल घेतात आणि पुन्हा जागेवर ठेवतात.

या होळीला पुरणपोळीचा भाव त्यांनी स्वतः बदलला आणि तेलपोळीचं एक नवं पानही केलं, दिलेल्या चार रंगांत. मला ते कळलं ऑर्डर द्यायला साइट उघडली तेव्हा.